आमसुलानं घासलेली नाणी

फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होतो. सकाळचे दहा वाजले असतील, खानावळीत अजून गिऱ्हाईक नव्हतं. इब्राहिमभाईंचा जावई बोलत होता. एवढंच म्हणाला, "काका, अब्बा गेले. दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर दफन आहे." मी "हो हो, निघतोच" म्हटलं, फोन ठेवला... आणि निघालो नाही. खेडहून खाडीकाठचं त्यांचं गाव म्हणजे तासाभराची वाट. रिक्षावाला दारातच चहा पीत उभा होता. बायको दोनदा येऊन गेली, "अहो, जाताय ना?" तिच्यावरच खेकसलो, "गुडघा दुखतोय माझा, दिसत नाही का?" गुडघा काही दुखत नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाला भाई म्हटलं, त्याच्या मयतीला मी गेलो नाही. घाबरलो. त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीसमोर उभं राहायला घाबरलो. का, ते सांगायचं म्हणून लिहायला बसलोय. मी लेखक नव्हे, आचारी आहे. मीठ कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आमची ओळख सौदीतली, तबूकची. मी सव्विसाव्या वर्षी तिथल्या एका ठेकेदाराच्या कॅम्पात मेसचा स्वयंपाकी म्हणून गेलो. शंभरेक माणसं, त्यात निम्मी आपल्या कोकणातली, रायगड-रत्नागिरीची; बाकी केरळ, बिहार, थोडे पाकिस्तानी. इब्राहिमभाई पंपफिटर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि तोंडात शब्द मोजून. मी उलट. माझ्या जिभेला हाड नाही हे आईनं माझ्या पाचव्या वर्षीच जाहीर केलं होतं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी भाताला नावं ठेवली म्हणून मी झारा घेऊन त्याच्या अंगावर गेलो होतो. मध्ये इब्राहिमभाई आले. माझ्या हातातला झारा काढून घेतला, त्याच झाऱ्यानं स्वतःच्या ताटात तो करपलेला भात वाढून घेतला, आणि सगळ्यांसमोर शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मग म्हणाले, "विन्या, तुझी डाळ नि तुझा तोंड, दोन्ही तिखट. डाळ चालंल." तेव्हापासून मी त्यांचा झालो, दुसरं काय! पंपाची मोटर चालू असताना तिच्यावर नुसता तळवा ठेवून हा माणूस सांगायचा की बेअरिंग गेलंय की फुटव्हॉल्व्ह गळतोय. इंजिनियर लोक मीटर लावून तासाभरानं तेच सांगायचे. भाई फक्त पाना पुढं करायचे.

त्या काळी गावाहून पत्रांबरोबर कॅसेटी यायच्या. भाईंची बायको खतीजाभाभी लिहायला कंटाळायची, पण बोलायला नाही. कुणी गाववाला तबूकला यायला निघाला की ती एक कॅसेट भरून पाठवायची. टेपरेकॉर्डर माझ्याकडे, म्हणून ऐकायचा कार्यक्रम माझ्या मेसच्या स्वयंपाकघरात. दुपारची जेवणं उरकली की भाई पिठाच्या पोत्यावर बसायचे आणि म्हणायचे, "गॅस बंद कर रे, आवाज येतो." मी बाहेर जायला निघालो की हात धरून बसवायचे. मग भाभीचा आवाज... गाईनं वासरू टाकलं, जुबेदा शाळेत दुसरी आली, आंब्याला मोहोर नाही, तुम्ही दात दाखवून घेतलात का. मध्येच छोटी जुबेदा ओरडायची, "अब्बा, माना सायकल हवी!" भाई एकटेच हसायचे. मी बाईमाणसाचं बोलणं ऐकू नये म्हणून कांदे सोलत बसायचो, पण ऐकायचो सगळं. आणि ऐकता ऐकताच आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की प्रत्येक कॅसेटीत भाभीचा खोकला लांबत चाललाय. आधी वाक्याच्या शेवटी यायचा, मग मध्ये यायला लागला. एका कॅसेटीत तर ती खोकता खोकता थांबली आणि टेप तशीच नुसती फिरत राहिली. भाईंनी ती बंद केली नाही. दोन्ही बाजू संपेपर्यंत आम्ही बसलो होतो.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकच्या हाती कुवेत पडलं आणि आमच्या सुट्ट्या बंद झाल्या. तबूकला मोठा विमानतळ, लष्कराचा तळ. कॅम्पाकडं पाण्याच्या लाइनींची कामं आली, आणि पंपफिटरला सोडतो कोण? डिसेंबरात तार आली. खतीजा सीरियस, मुंबईला हलवलं, ताबडतोब निघा. भाई तार घेऊन कफीलकडे गेले. कफील म्हणजे आमचा मालक, आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि देश सोडायच्या परवानगीचा कागद, खुरूज, त्याच्या सहीशिवाय मिळत नाही. वाईट माणूस नव्हता तो. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बुकरा." उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुकरा. मी म्हटलं, "भाई, त्याच्या दारात जाऊन बसा. आरडाओरडा करा. मी येतो बरोबर." भाई म्हणाले, "आरडून विमान येतं काय रं?" जेद्दाहून अधूनमधून विमानं सुटत होती, हे आम्हाला रेडिओवरून कळायचं. जेद्दापर्यंत बस होती. तिकिटाचे पैसे भाईंच्या खिशात होते. फक्त तो एक कागद नव्हता.

आता नाण्यांचं सांगतो. कफीलचा एक थोरला भाऊ होता. शाळामास्तर, रिटायर झालेला, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. शहराबाहेर त्याचं शेत होतं, आणि शेतात दगडानं बांधलेली एक फार जुनी विहीर. तिचा पंप गाळ ओढायला लागला म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भाईंना तिथं पाठवलं. भाई खाली उतरले, गाळ उपसला, तर गाळात हिरवं-काळं, खडखडीत, टिकल्यांएवढं काहीतरी. एकूण नऊ. आपल्या जुन्या एक पैशाच्या नाण्यापेक्षाही लहान. भाईंनी एक उचलून वर आणलं आणि उस्तादाला दाखवलं. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, उन्हात तिरपं धरलं आणि खालीच बसला. म्हणाला, ही रूमची नाणी. रोमी बादशहांची, दीड-दोन हजार वर्षांची, काशाची. हा बघ चेहरा, ही बघ अक्षरं. त्याचं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं: माझ्या आजोबांच्या आजोबांची ही विहीर, पण त्याआधी ती कुणी बांधली? गावात कुणी आद नावाच्या प्राचीन जमातीचं नाव सांगायचं, कुणी जिनांचं, म्हणजे भुताखेतांचं. भाईंनी मला हे सगळं डोळे मोठे करून सांगितलं होतं. उस्ताद त्यांना म्हणाला, एक नाणं कुणाच्याही कमरेतून पडतं, पण नऊ मिळून साक्ष देतील. विहिरीच्या तळाशी नीट बघ, बाकीची घेऊन ये. शनिवारी माझ्या घरी ही अक्षरं वाचणारा माणूस येतोय. आणि भाईंनी तिथंच, चिखलानं माखलेल्या अंगानं, त्याला आपली तार दाखवली. उस्तादानं ती दोनदा वाचली. म्हणाला, शनिवारी ये, माझा भाऊही जेवायला असेल, मी त्याला माझ्यासमोर सही करायला लावतो. तो माझं ऐकतो.

म्हणजे बघा, त्या आठ नाण्यांवर काय काय टांगलेलं होतं. भाई त्या संध्याकाळी माझ्या मेसमध्ये आले आणि त्यांनी पहिल्यांदा मला स्वतःहून गोड करायला सांगितलं. मी शिरा केला.

गुरुवारी भाईंनी उरलेली आठही गाळातून काढली. रुमालात बांधून दुपारी मेसवर आले, तेवढ्यात कॅम्पाची गाडी दारात. तळाकडची पाण्याची लाइन फुटली होती, भाईंना दोन दिवस तिकडंच राहायचं होतं. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून "यल्ला, यल्ला" करतोय. त्याआधीच लढाईला तोंड फुटलं होतं. दिवसभर डोक्यावरून विमानं जायची, खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या होत्या, आणि विषारी वायू आला तर ओला टॉवेल तोंडावर धरायचा एवढंच आम्हाला माहीत होतं. भाईंनी रुमाल माझ्या हातात कोंबला. "विन्या, ह्या संभाळ. असाच ठेव. शनवारी परस्पर उस्तादाकडं जायचा हाय, सकाळी मी येतो न्यायला." आणि गेले. पाणी लावू नको, हात लावू नको, हे उस्तादानं त्यांना सांगितलं होतं. ते मला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. पण थांबा. "असाच ठेव" म्हटलं होतं ना? मराठीतच म्हटलं होतं. मग?

मग काय, मला भीती वाटली की मी भांडी घासतो. आजही. त्या आठवड्यात मी मेसची सगळी पातेली, झारे, परातीसुद्धा घासून आरशासारख्या केल्या होत्या. शुक्रवारी दुपारी डोक्यावरून एकामागून एक विमानं गेली, खिडकीची तावदानं थरथरली, आणि मेसमध्ये मी एकटा. हात रिकामे. तेव्हा मला तो रुमाल आठवला. उघडून बघतो तर चिखल, हिरवट कीट, कुठं मातीचा गोळा. मला वाटलं, अरे देवा, एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी, एवढ्या मोठ्या कामासाठी, हे असं द्यायचं? आमच्याकडं दुसऱ्याच्या घरी वाटी पाठवायची तर आधी घासून, पुसून पाठवतात. लग्नात द्यायची समई आई तीनतीनदा घासायची. तांब्या-पितळेला आमसूल आणि मीठ, हे तर कोकणातल्या लहान पोरालाही कळतं. गावाहून आलेली आमसुलं डब्यात होती. मी ती कोमट पाण्यात भिजवली, मीठ टाकलं, नाणी त्यात तासभर ठेवली, आणि मग तारेची घासणी घेऊन बसलो. हिरवं निघालं, काळं निघालं. खूप निघालं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आठही नाणी नव्या कोऱ्या तांब्यासारखी लालसर झाली. विमानांचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. एक-दोनदा वाटलं की मघाशी कसलीतरी आकृती दिसत होती, ती कुठं गेली. म्हटलं, कीटच असेल. चेहरा त्या कीटातच होता, खालचा धातू गंजानं कधीच खाऊन टाकला होता, हे मला कोण सांगणार? नसती उठाठेव म्हणतात ती हीच. हात दाखवून अवलक्षण.

शनिवारी सकाळी भाई आले. मी रुमालही धुऊन, नाणी त्यातच नीट बांधून दिली होती. त्यांनी उघडला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कशी झाली?" त्यांनी एक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, बोट फिरवलं. दोन्ही बाजू गुळगुळीत. मला अजून समजलेलं नव्हतं, मी हसत होतो. भाईंनी एकच विचारलं, "सगळी?" मी म्हटलं, "सगळी." त्यांनी रुमाल पुन्हा बांधला. गाठ दोनदा मारली. "तू चांगल्यासाठीच केलास," असं म्हणाले आणि गेले.

उस्तादाच्या घरी काय झालं ते मला त्यांच्याबरोबर गेलेल्या ड्रायव्हरकडून कळलं, कारण भाई कधीच बोलले नाहीत. म्हाताऱ्यानं रुमाल उघडला. अक्षरं वाचणारा पाहुणा बसला होता, कफील बसला होता, जेवण मांडलेलं होतं. म्हातारा ओरडला नाही. अंगठ्यानं एकेक नाणं चोळत राहिला, जसं काही चोळल्यावर चेहरा परत येईल. मग "खलास" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. भाई माफी मागून उभेच राहिले. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, कुणी बसही म्हटलं नाही. तार त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढलीच नाही. ड्रायव्हर मला म्हणाला, "मागितलं असतं तर दिलं असतं रे, म्हातारा तसा नव्हता." मी हे भाईंच्या तोंडावर फेकलं. भांडलोच त्यांच्याशी, माझी चूक, आणि भांडतोय मीच! म्हटलं, "का नाही मागितलात? बायको मरतेय तिकडं आणि तुम्ही भिडस्तपणा करताय?" ते एवढंच म्हणाले, "त्या माणसाचा एवढा गेला, नि त्या वक्ताला मी माझा कागद काढू?"  दुसऱ्या दिवशी उस्ताद आजारी पडून अंथरुणाला खिळला, आणि कफील पुन्हा बुकरा म्हणायला लागला. मी कफीलकडे गेलो, माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की नाणी मी घासली, मला शिक्षा करा, त्याला सोडा. त्याला काही समजलं नाही. त्यानं मला चहा दिला.

फेब्रुवारीत दुसरी तार आली. ती वाचून भाई माझ्या स्वयंपाकघरात आले आणि पिठाच्या पोत्यावर बसले. टेप लाव म्हणाले नाहीत, गॅस बंद कर म्हणाले नाहीत. मी डाळ ढवळत राहिलो. डाळ खाली लागली, तरी ढवळतच राहिलो. लढाई संपली, मार्चात खुरूजचा कागद मिळाला, आणि भाई घरी गेले ते भाभीच्या कबरीवर माती लोटायला.

मीही दोन वर्षांनी परत आलो, खेडच्या स्टँडजवळ खानावळ टाकली. महिन्यातून एकदा भाई बाजाराला यायचे आणि माझ्याकडे जेवायचे. कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून. बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला रांगेनं मांडून ठेवायचे. माझ्या रश्श्याला नावं ठेवायचे. नाण्यांचं एक अक्षर नाही. मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "विन्या, जेवू दे रे सुखानं." मला वाटलं, त्यांनी माफ केलंय, विसरलेत. मला कळायचं ते चाळिसाव्या दिवशी कळलं.

मयतीला गेलो नाही, पण चाळिसाव्याला बायकोनं हाताला धरून नेलं. जुबेदानं मला आतल्या खोलीत बसवलं. ती आता चाळिशी ओलांडलेली, शाळेत शिकवते, कपाळावर आठी अगदी बापासारखी. खीर आणली, समोर बसली. अब्बांचं बोलता बोलता म्हणाली, "काका, एक गोष्ट मी अब्बांना आयुष्यभर माफ केली नाही. त्यांनी ती नाणी घासली नसती तर त्यांना कागद मिळाला असता. अम्मी शेवटचे आठ दिवस दाराकडं बघत होती. मी विचारलं तेव्हा अब्बांनीच सांगितलं, मला वाटलं चकचकीत दिसतील, म्हणून मीच घासली. मी नऊ वर्षांची होते. दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट समोर ठेवायचे आणि निघून जायचे. नंतर बोलायला लागले, पण मनातून..."  मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तर तिथंच होतात ना? तुम्ही का नाही अडवलंत त्यांना?"

चमचा माझ्या हातात होता. जिभेला हाड नसलेला मी... खिरीत चमचा फिरवत राहिलो. शेवटी म्हटलं, "मी स्वयंपाकघरात होतो." खोटं नव्हतं ते. तिनं मान हलवली आणि माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. मी ती खाल्ली. रस्त्यावर येऊन रिक्षात बसलो, परत उतरलो, दारापर्यंत गेलो. आत कुराण वाचत होते. परत फिरलो. घरी बायकोला सांगितलं, तर तिनं कागद आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं. तोंडानं जमणार नाही हे मला कळून चुकलंय. रविवारचा पेपर जुबेदाच्या घरी येतो, म्हणून इथं लिहितो.

जुबेदा, तू विचारलंस, मी का अडवलं नाही. अडवायचं कुणाला, पोरी? तुझे अब्बा तेव्हा पाण्याच्या फुटलेल्या लाइनीत, गुडघाभर चिखलात होते. स्वयंपाकघरात मी एकटा होतो. ती नाणी त्यांनी नाही घासली, मी घासली. त्यांनी माझं नाव तुझ्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही, आणि तुझ्या हातून वाढलेलं ताट दोन वर्षं मुकाट्यानं खाल्लं. तो अबोला माझ्या वाटणीचा होता. फार उशीर झालाय, पण आता तरी तो मला दे.